रुंजीच्या डब्यात काय?

रुंजीचा डबा रिकामा होता. कुणाला ठाऊक नव्हतं बरं का, तुम्हाला म्हणून सांगते!

रुंजी पाच वर्षांची. तिची आई लोकांच्या शेतात भुईमूग काढायला जायची, ती दिवस मावळताना परत यायची. आज बालवाडीत भोंडला होता आणि खिरापत आणायची पाळी नेमकी रुंजीची! पण घरात गुळाचा खडासुद्धा नव्हता. "कुंदाताईंना सांग, आई उद्या नक्की देते म्हणाली," असं सांगून आई कामाला गेली. रुंजीला ते सांगायची फार लाज वाटली. तिनं रिकाम्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा पोटाशी धरून ती बालवाडीत आली. आता खिरापत ओळखताना मुलं डबा हलवून बघणार. काहीच वाजलं नाही तर?

बालवाडीत मात्र शरद ऋतू अगदी थाटात येऊन बसला होता. दारावर पिवळ्याधमक झेंडूची माळ, खिडकीत बाजरीची कणसं आणि मधोमध पाटावर तांदळाचा पांढराशुभ्र हत्ती. मुलं इवले इवले दाणे निवडून वाट्यांत घालत होती. हिरवे मूग, काळे उडीद, तांबूस चवळी. रुंजीनं मूग चवळीत टाकले आणि चवळी उडदात. तिचं लक्ष होतंच कुठे!

शेवटी ती डबा घेऊन हळूच मागच्या अंगणात सटकली. तिथं गुलाबी, लाल, जांभळा तेरडा नुसता बहरला होता. त्याच्या आड बसून रुंजी मुसमुसू लागली. एक टपोरा अश्रू तेरड्याच्या बोंडावर पडला आणि बोंड टचकन फुटलं. आतून कोण बाहेर यावं? करंगळीएवढी परी! अंगात पाकळ्यांचा गुलाबी झगा, पंखांवर दवाचे चमचमते थेंब.

"अगं, किती खारट पाणी घालतेस माझ्या झाडाला!" परी म्हणाली. "काय झालं बाळा?"

रुंजीनं हुंदके देत देत सगळं सांगितलं.

"एवढंच ना? माग, देते. पण माझ्या अटी आहेत हं. मागायचं एकदाच, तेही मोठ्यानं. मागितलेलं बदलता येत नाही. आणि सगळ्यांचं ओळखून झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही!"

"मला डबाभर..." रुंजी थांबली. लाडू म्हणावं की बर्फी? तेवढ्यात आतून मोठा रडण्याचा आवाज आला. रुंजी धावत आत गेली.

तीन वर्षांच्या भैरूनं चवळीचा दाणा नाकात घातला होता! चेहरा लालेलाल, डोळ्यांतून धारा. कुंदाताईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "शिंक बघू माझ्या राजा! अरे देवा, आणखीच आत चाललाय!"

"लुंजीताई, दुकतंय," भैरूनं तिचा हात घट्ट धरला.

परी रुंजीच्या वेणीवर येऊन बसली होती. रुंजीनं एकदा डब्याकडे पाहिलं. मग डोळे गच्च मिटून ती मोठ्यानं म्हणाली, "भैरूच्या नाकातला दाणा बाहेर येऊ दे!"

"आऽऽक्छी!"

दाणा उडाला तो थेट तांदळाच्या हत्तीच्या तोंडावर. डोळा काढायचा राहिला होता ना, बरोब्बर तिथं! सगळी मुलं खोखो हसली. फक्त रुंजी हसली नाही. वेणी चाचपून पाहिली, तर परी नव्हती.

हत्तीभोवती फेर झाला, गाणी झाली. "चला, खिरापत ओळखा!" कुंदाताई म्हणाल्या. डबा या हातातून त्या हातात फिरू लागला.

"वाजत नाही गं! म्हणजे शिरा!"

"नाही, केळी!"

"लाडू!"

"जिलबी!" भैरू ओरडला.

"आता उघड हं रुंजी."

रुंजीनं हातात आलेल्या डब्याचं झाकण घट्ट दाबून धरलं. "ताई, डबा रिकामा आहे," ती म्हणाली आणि रडूच लागली.

कुंदाताईंनी तिला जवळ ओढलं. "मग हा तुपाचा वास कुठून येतोय गं?"

रुंजीनं झाकण उघडलं. डब्यात वाफाळता शिरा होता, केळी होती, लाडू होते, भैरूची जिलबीसुद्धा होती. ज्यानं जे ओळखलं, ते त्याला मिळालं. आणि वर तरंगत होती परी. "मागितलंस ते भैरूसाठी," ती हसून म्हणाली. "हे न मागता!" गुलाबी सोनेरी उजेड खोलीभर झाला आणि त्यात ती दिसेनाशी झाली.

रुंजीच्या वाटचे दोन लाडू होते. ते तिनं खाल्ले नाहीत.

संध्याकाळी मातीनं माखलेली आई घरी आली. दारातूनच तिनं विचारलं, "ताई रागावल्या का गं?"

आई टेकताच रुंजीनं डबा तिच्या मांडीवर ठेवला. "ओळख बघू, आत काय?"

आईनं मान खाली घातली. "रिकामाच असेल ना बाळा."

"चूक! हरलीस?"

"हरले बाई," आई म्हणाली, आणि रुंजीनं झाकण उघडलं.