टिकलीखालचा दिवा

गाड्यांनी नुकतंच पेट्रोल सोडलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका विजेच्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा पेटला.

"विझ मेल्या!" सीटखालची थोरली बॅटरी कडाडली. "मी काठोकाठ भरलेय. उगाच बदनामी कशाला?"

"तुझ्याबद्दल कोण बोलतंय? गाडीला जागं करणारी धाकटी बॅटरी मरायला टेकलीय!"

मालकीण हेमलताबाईंनी चार्जिंग पाहिलं. पूर्ण होतं. वैतागून त्यांनी दिव्यावर कपाळाची टिकली चिकटवली.

"झाका!" दिवा टिकलीतूनही धगधगला. "मी धाकटीच्याच जिवावर जळतो. तिच्यात धुगधुगी आहे तोवर गप्प बसणार नाही!"

सकाळी टिकलीतून उजेड येईना.

"आला एकदाचा वठणीवर!" थोरली हसली.

बाईंनी बटण दाबलं. गाडी ढिम्म हलेना. घाईघाईने त्यांनी टिकली उचकटली. खाली नुसता काळोख होता.