पाण्यावर धरलेलं डोकं

विहिरींना अजून कठडे नव्हते, त्या काळची गोष्ट. एका विहिरीच्या काठावर टोळ राहायचा. गाणं असो की गप्पा, तो मागचे पाय पंखांवर घासूनच करायचा. खाली पाण्यातला म्हातारा बेडूक ते डोळे मिटून ऐकत बसायचा.

एके सकाळी गाता गाता टोळ घसरला आणि पाण्यात पडला. बेडूक चटकन पोहत आला. एका हाताने त्याने कपारीचा दगड धरला आणि दुसऱ्या हाताने टोळाचं डोकं पाण्याच्या वर धरलं.

"भिऊ नकोस," तो म्हणाला. "पोहरा खाली आला की तुला त्यात बसवतो. तोवर तुझ्या नाकातोंडात थेंबभर पाणी जाऊ देणार नाही."

पोहरा काही लवकर येईना. डोकं कोरडं होतं, तरी टोळ मलूल होत चालला. बेडकाने त्याची हनुवटी आणखी घट्ट धरली. शेवटी त्याच्या हाताला कळ लागली, पकड सुटली आणि टोळ उलटला. डोकं पाण्यात गेलं, धड वर आलं.

बेडूक घाबरून त्याला सरळ करायला धावला. तेवढ्यात टोळाचे पाय हलले, पंखांवर घासले.

"काका, असंच राहू द्या. माझा श्वास पोटाच्या कडेच्या भोकांतून चालतो."

बेडूक ओशाळला. वर दोर वाजला, पोहरा येत होता.

"अरे, मग इतका वेळ बोलला का नाहीस?"

"ज्या पायांनी बोलतो, ते तुम्ही पाण्यात बुडवून ठेवले होते, काका."