डोळे बांधून संगणक लावणारा जोडारी

एका गावात एक जोडारी राहत होता. गोष्ट फार जुनी नाही, कारण हा जोडारी संगणक जोडायचा. कुठून बोर्ड आणायचा, कुठून डिस्क, कुठून पंखा, आणि एका पेटीत सगळे बसवून चांगला चालता संगणक उभा करायचा. हातात कसब होते, पण तोंड त्याहून जोरात चालायचे.

त्याच गावात एक गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांची दृष्टी गेली. पण गुरुजी खचणारे नव्हते. शहरातल्या एका केंद्रात जाऊन ते संगणक शिकले. तिथला संगणक परदेशी होता, पडद्यावर काय आहे ते बोलून सांगायचा. गुरुजींची बोटे त्यालाच सरावली. तसा विकत घेणे त्यांना परवडणारे नव्हते, म्हणून ते जोडाऱ्याकडे आले.

"तुझ्या सुट्या भागांच्या पेटीवर ती परदेशी प्रणाली चालेल का रे?"

"गुरुजी, त्याला हॅकिंटॉश म्हणतात. पेटी आपली, आतला कारभार परदेशी. माझ्या डाव्या हातचा मळ आहे तो!"

"मग कर बाबा. मला कुंदाला पत्र लिहायचंय."

कुंदा म्हणजे गुरुजींची लेक. तिने आपल्या मनाने लग्न केले, तेव्हा गुरुजी नको ते बोलून गेले होते. तीन वर्षे ती त्यांचा फोन उचलत नव्हती. पत्र लिहायचे तर शेजाऱ्याला सांगून लिहून घ्यावे लागे, आणि परक्या माणसासमोर माफीचे शब्द गुरुजींच्या तोंडून निघत नसत.

जोडारी कामाला लागला. चार दिवसांत पेटी तयार झाली. आता राहिला बूटलोडर. घरात सगळे झोपलेले असताना आधी एक जण उठतो आणि बाकीच्यांना उठवतो ना, तसा हा छोटा प्रोग्राम. तो उठला नाही, तर आतली प्रणाली कितीही भारी असो, घोरतच पडणार. जोडाऱ्याने तो आधी पेनड्राइव्हवर घेतला आणि मग डिस्कवरही बसवला. म्हणजे बसवला असे त्याला वाटले.

पेटी गुरुजींच्या घरी आली. जोडाऱ्याने बटण दाबले, लगबगीने एक-दोन कळा दाबल्या आणि संगणक बोलू लागला. जमलेल्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. जोडाऱ्याची छाती फुगली. पेनड्राइव्ह उपसून खिशात घालून तो ऐटीत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी बटण दाबले. पंखा फिरला. बाकी सगळे चिडीचूप. गुरुजी तासभर वाट पाहत बसून राहिले.

बोलावणे आल्यावर जोडारी धावत आला. पाहतो तर काळ्या पडद्यावर एकच ओळ, सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. ती ओळ त्याने धड वाचलीसुद्धा नाही. "बोर्डच हट्टी आहे," तो म्हणाला, आणि एका दमात दहा सेटिंग बदलल्या. जमले नाही. सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून केले. तरी नाही. मग कुणा दुसऱ्याने आपल्या संगणकासाठी केलेल्या फायली जशाच्या तशा आणून ओतल्या. आता तर पंखाही विचित्र गुरगुरू लागला.

समोरचा मोबाइल दुकानदार हे सगळे दारातून बघत होता. "अरे, कशाला डोकं पिकवतोस? तो पेनड्राइव्ह मागे लाव, वर चिकटपट्टी मार. चालतंय ना? मग झालं!"

जोडाऱ्याला हायसे वाटले. जुन्या फायली परत आणून त्याने पेनड्राइव्ह लावला, कळ दाबली, यादीतून नाव निवडले आणि संगणक बोलू लागला.

"घ्या गुरुजी! फक्त सुरू करताना एक कळ दाबायची आणि यादीतलं दुसरं नाव निवडायचं."

"यादी बोलून दाखवतो का तो?"

"नाही, आवाज नंतर येतो. तेवढ्यापुरतं शेजारचं कुणीतरी येईलच की."

गुरुजी रागावले नाहीत. "शेजारी येतोच आहे रे इतकी वर्षं," ते म्हणाले. "म्हणून तर तुझ्याकडे आलो."

जोडारी पेटी उचलून घरी घेऊन आला. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. दुकानदाराचे ऐकून हात झटकता आले असते. गुरुजींनी चकार शब्द काढला नसता आणि गावानेही वाहवाच केली असती. पण ते वाक्य त्याच्या कानातून जाईना.

त्याने खांद्यावरचा पंचा घेतला, डोळ्यांवर घट्ट बांधला आणि बटण दाबले. पंखा फिरला. यादी आली असेल की नाही? कळायला मार्ग नव्हता. अंदाजाने चार कळा दाबल्या. काही नाही. आपल्याच हातांनी जोडलेल्या पेटीसमोर तो आंधळ्यासारखा बसला होता, आणि पहिल्यांदाच त्याला गुरुजींची ती तासाभराची सकाळ कळली.

पंचा सोडून तो नव्याने बसला. या वेळी बढाई नाही, घाईही नाही. एका वेळी एकच बदल करायचा, लावून पाहायचे, काय झाले ते खडूने भिंतीवर लिहायचे. पेनड्राइव्ह काढून बटण दाबले, तशी पडद्यावर तीच ओळ आली; ती त्याने आता नीट वाचली. डिस्क सापडत नाही? पेटीत तर दोन होत्या, जागा जास्त मिळावी म्हणून त्यानेच हौसेने एक जुनी डिस्क सोबत बसवली होती. त्याने ती काढून ठेवली, पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि नव्या डिस्कचा लपलेला छोटा कप्पा, जिथे बूटलोडर असायला हवा, तो उघडून पाहिला. कप्पा रिकामा! बूटलोडर पहिल्या दिवसापासून जुन्या डिस्कवर जाऊन बसला होता, आणि बोर्ड बिचारा नव्या डिस्कवर त्याला शोधत होता. पेनड्राइव्ह लावलेला असायचा, म्हणून ही चूक कधी दिसलीच नव्हती.

"बोर्ड नाही, मीच हट्टी!" जोडारी मोठ्याने हसला.

त्याने बूटलोडर योग्य कप्प्यात बसवला, पेनड्राइव्ह काढला, बटण दाबले. यादी आली! मग ती यादीही बंद केली, म्हणजे कुणाला काही विचारायलाच नको. पुन्हा डोळे बांधले. बटण दाबले. पंखा फिरला, थोडा वेळ गेला, आणि संगणक बोलला. जोडाऱ्याने पंच्यासकट उडी मारली! वायर उपटून पुन्हा लावून पाहिले, सात वेळा. सातही वेळा बोलला.

गुरुजींच्या घरी पुन्हा गर्दी जमली. जोडारी सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरुजी, चूक यंत्राची नव्हती, माझी होती. आता मी हात लावणार नाही. तुम्हीच सुरू करा."

गुरुजींनी चाचपडत बटण दाबले. सगळ्यांनी श्वास रोखला. आणि त्या पेटीतून स्वच्छ आवाज आला. लोकांनी घर डोक्यावर घेतले, दुकानदारानेही शिट्टी मारली. गुरुजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

मग त्यांनी हात वर केला. "आता सगळे बाहेर व्हा."

"मीसुद्धा?" जोडाऱ्याने विचारले.

"तू सगळ्यात आधी!" गुरुजी हसत म्हणाले. "मला माझ्या लेकीला पत्र लिहायचंय."

दार आतून लागले. थोड्याच वेळात कळांचा आवाज येऊ लागला, आधी थांबत थांबत, मग भराभर. जोडारी पायरीवर बसून तो ऐकत होता. त्याने आजवर इतके संगणक जोडले होते, पण बाहेर हाकलले गेल्याचा इतका आनंद त्याला कधीच झाला नव्हता.

तात्पर्य: ज्याच्यासाठी काम केले, त्याच्या हातात ते आपल्यावाचून चालू लागले, तरच ते पुरे झाले म्हणावे.