चाटणावरचा पहिला मान

सागाची झाडं कुजबुजायची आणि हरणांना ते समजायचं, त्या काळातली गोष्ट. एका रानात काजळी नावाची म्हातारी चितळीण कळप राखायची. त्या रानात खारट मातीचं एकच चाटण होतं आणि कळपाची रीत अशी, की आजाऱ्याला तिथे पहिला मान. बाकीच्यांनी मागून जीभ लावायची.

एके वर्षी एक भरदार नर खंगू लागला. चारा मुबलक, तरी त्याच्या बरगड्या वर आल्या, तोंडातून लाळ गळू लागली. काजळीने त्याला मायेने चाटणापाशी नेलं. तो मेला. मग त्याच्यामागून माती चाटणारे दोघं खंगले. त्यांनाही पहिला मान मिळाला.

झाडावरचं वानर ओरडलं, "मावशी, दुखणं मातीत उतरलंय! ती जागा सोडा."

"वर बसून अक्कल शिकवू नकोस," काजळी फणकारली. "आजाऱ्याला हाकलणारी जात नाही आमची."

पुढच्या उन्हाळ्यात चरता चरता काजळीला गवतावर लाळेची तार दिसली. ती तिचीच होती. ती चाटणापाशी आली, तसा कळप अदबीने बाजूला सरला.

"आई, आधी तू," तिची लेक म्हणाली.

"मी नाही आणि तुम्हीही नाही. वानर खरं बोलत होतं. इथे पुन्हा कुणी तोंड लावू नका." एवढं बोलून काजळी एकटीच माळाकडे चालू लागली.

ती दिसेनाशी होईपर्यंत सगळे बघत राहिले. मग लेक चाटणाकडे वळली. "दुखणाइताचं बोलणं कुठं मनावर घ्यायचं?" ती म्हणाली, आणि तिने आपल्या पाडसाला हळूच पुढे केलं.