निळोपंतांचा ओटा

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो. इतकी जुनी की ते राज्य कुठं होतं, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

त्या राज्यात न्यायसभेच्या कमानीखाली एक दगडी ओटा होता. ओट्यावर निळोपंत नावाचे लेखनिक बसत. लोक आपलं गाऱ्हाणं सांगत आणि पंत ते अर्जात उतरवून देत. त्यांचे वडील तिथंच बसत आणि आजोबाही तिथंच बसत. ओटा पंतांच्या घराण्याचा होता आणि त्यावरच त्यांचं घर चाले.

निळोपंत अत्यंत सरळ माणूस. कुणी चुकून जास्त पैसे दिले तर भर उन्हात त्याच्या मागे जाऊन परत करायचे. आपण सरळ आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं, असं माझं मत आहे.

एके दिवशी राजाने फर्मान काढलं की यापुढे प्रत्येक अर्जाच्या तीन नकला हव्यात. लिहून लिहून पंतांची बोटं सुजली. गावात गणशेट नावाचे व्यापारी होते. तंबू, तराजू, लग्नाची मोठी पातेली, सगळं ते भाड्याने देत. त्यांनी दूरदेशाहून नकला काढायचं एक लाकडी यंत्र आणलं होतं. लिहिलेल्या कागदावर ओला कागद ठेवायचा, वरचा दांडा फिरवायचा, की हुबेहूब नक्कल तयार. पंतांना ते फार आवडलं.

गणशेटांनी करारनामा त्यांच्या हातात दिला. घरी न्या, सावकाश वाचा, काही खटकलं तर बोला, असं सांगितलं. व्यापारी असूनही ते हे मनापासून म्हणाले, हे लक्षात ठेवा. या गोष्टीत लबाड कुणीच नाही.

पंतांनी घरी दिव्याजवळ बसून कागद उघडला. भाडं किती, मुदत किती, दांडा मोडला तर दुरुस्ती कुणाकडे, हे सगळं त्यांनी दोनदा वाचलं. भाड्याला तारण म्हणून ओटा लिहून द्यायचा होता, तेही वाचलं. मग एक ठळक शब्द आला, ‘दंड’. पंतांनी तिथं कागदाची घडी घातली.

त्यांची बायको सगुणाबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. खाली अजून बरंच लिहिलेलं दिसतंय, असं त्या म्हणाल्या.

“ते आपल्यासाठी नसतं,” पंत म्हणाले. “ते भाडं बुडवणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं.”

हसू नका. दंड हा शब्द दिसला की भल्या माणसाच्या डोळ्यासमोर दुसराच कुणीतरी येतो. पंतांनी तर जन्मभर लोकांसाठी असले कागद लिहिले होते. लिहिताना ती कलमं त्यांच्या हाताखालून जात, डोक्यातून कधी जात नसत.

त्यांनी सही केली आणि यंत्र घरी आणलं. वर्षभर सगळं छान चाललं. बोटांची सूज उतरली, कमाई वाढली.

पुढे राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. कागदांचे ढीग बघून तो वैतागला आणि त्याने ठरवलं की अर्जाची एकच प्रत पुरे. यंत्र कोपऱ्यात पडून राहिलं, भाडं मात्र चालूच होतं. तेव्हा पंतांनी यंत्र स्वच्छ पुसलं, दांड्याला तेल दिलं, बैलगाडीत घातलं आणि गणशेटांच्या दारात नेलं. आणलं त्याहून चांगल्या अवस्थेत परत करतोय, याचा त्यांना आनंद झाला होता.

गणशेटांनी यंत्राभोवती फेरी मारली आणि पंतांचं कौतुक केलं. मग ते म्हणाले की मुदत संपायला अजून दोन वर्षं आहेत. करारात लिहिलंय त्याप्रमाणे मुदतीआधी परत केल्यास उरलेलं भाडं एकदम, दंड म्हणून.

“दंड?” पंतांचा चेहरा उतरला. “मी काय गुन्हा केलाय, गणशेट?”

“गुन्ह्याचा प्रश्न नाही, पंत. यंत्र मीही उसने पैसे घेऊनच आणलंय. पण ऐका, त्याच्या पुढची अट तुम्ही...”

पंतांनी पुढचं ऐकलंच नाही. गाडी वळवून ते यंत्रासकट घरी आले. सगुणाबाईंनी कागद काढून वाचायला सांगितलं. जो कागद मला चोर ठरवतो तो मी वाचणार नाही, असं म्हणून पंतांनी तो फडताळात टाकला. रागाच्या भरात त्यांनी भाडं देणंही थांबवलं. गणशेट येऊन माफी मागतील, अशी त्यांना खात्री होती.

त्याच आठवड्यात पाठशाळेचे गुरुजी ओट्यापाशी आले. विद्यार्थ्यांना पाठ लिहून देऊन देऊन ते थकले होते. असं नकला काढायचं यंत्र भाड्याने कुठं मिळेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्या गणशेटांच्या दारात पाऊलसुद्धा टाकू नका, असं पंतांनी त्यांना फटकन सांगितलं. गुरुजी निघून गेले आणि शेजारच्या गावातून यंत्र घेऊन आले.

माफी मागायला कुणी आलं नाही. दोन महिने गेले आणि न्यायसभेतून बोलावणं आलं. इतकी वर्षं ज्या कमानीखाली बसून पंतांनी दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, तिच्या आत आता त्यांना स्वतःसाठी जावं लागलं.

न्यायासनावर एक वृद्ध बाई बसत. सगळे त्यांना आईसाहेब म्हणत. त्यांनी गणशेटांचं म्हणणं ऐकलं, पंतांचंही ऐकलं. आपण प्रामाणिक आहोत हे पंतांनी परोपरीने सांगितलं, आणि आईसाहेबांनी ते मान्यही केलं. मग त्यांनी करारनामा पंतांच्याच हातात दिला.

“मोठ्याने वाचा,” त्या म्हणाल्या. “जिथं ‘घेणारा’ असं लिहिलंय, तिथं तुमचं नाव घ्या.”

पंत दंडाच्या कलमापासून वाचू लागले. “निळोपंत याने भाडे वेळेवर न दिल्यास, त्यावर दरमहा दंड वाढत जाईल. निळोपंत याने यंत्र मुदतीआधी परत केल्यास, उरलेले भाडे एकरकमी द्यावे लागेल.” स्वतःचं नाव कानावर पडताच ते वाचता वाचता थांबले. इतके दिवस त्या कागदात दुसराच कुणीतरी राहत होता. आता तिथं ते स्वतः उभे होते.

“पुढे वाचा,” आईसाहेब म्हणाल्या.

“मात्र परत करण्याचा विचार कळवल्यापासून महिनाभरात निळोपंत याने आपल्या जागी दुसरा भाडेकरू आणून दिल्यास, निळोपंत याच्याकडून...” पंतांनी पुढचे शब्द आधी मनात वाचले. मग ते मोठ्याने म्हणाले. “...काहीही घेतले जाणार नाही.”

त्यांना गुरुजी आठवले.

“पंत,” आईसाहेब हळूच म्हणाल्या, “दंड म्हणजे शिक्षा, असं तुम्ही धरून चाललात. करारातल्या दंडाला माणूस चांगला की वाईट हे कळत नाही. बेत बदलला तर काय मोजावं लागेल, एवढंच तो आधी सांगून ठेवतो. तुम्हाला त्यानं सांगितलं होतं, आणि सुटायची वाटही दाखवली होती.”

निकाल झाला. यंत्र परत करायचं आणि थकलेलं व उरलेलं सगळं भाडं दंडासह भरायचं, असं ठरलं. पंतांकडे तेवढी रक्कम नव्हती, म्हणून ओटा गणशेटांकडे गेला. मला या ठिकाणी दर वेळी वाईट वाटतं. पण निकाल चुकीचा होता, असं मला म्हणता येत नाही.

गणशेटांना ओट्याचा काय उपयोग? दुसऱ्या दिवशी ते नवा करारनामा घेऊन कमानीखाली आले. ओटा पंतांनीच भाड्याने घ्यावा, असं त्यांनी सुचवलं. पंत ओट्याच्या खाली जमिनीवर बसले आणि वाचू लागले. प्रत्येक ओळीत स्वतःचं नाव घालून, हळूहळू, ओठ हलवत. अर्जवाले ताटकळत उभे राहिले. पंतांनी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

एका ओळीवर ते थांबले. निळोपंत आजारी पडून महिनाभर बसू शकला नाही, तरी पूर्ण भाडे आणि वर दंड. पंतांनी आपल्या वाकलेल्या बोटांकडे पाहिलं.

“गणशेट, माझं वय झालंय. ही अट मला झेपायची नाही. आजारपणात अर्धं भाडं घ्या आणि दंड नको.”

गणशेटांनी थोडा विचार केला. मग पंतांचाच बोरू उचलला, ती ओळ खोडली आणि नवी लिहिली.

पंत त्या ओल्या शाईकडे बघत राहिले. “एवढं सोपं होतं?”

“सही व्हायच्या आधी सोपंच असतं,” गणशेट म्हणाले. “यंत्राच्या वेळी विचारलं असतंत, तर तेव्हाही मी बदललं असतं, पंत.”

पंतांनी सही केली. मग ते वडिलांच्या आणि आजोबांच्या ओट्यावर भाडेकरू म्हणून चढून बसले आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला त्यांनी पुढे बोलावलं.

तात्पर्य : करारातली दंडाची अट सही करण्याआधी स्वतःचं नाव घालून वाचावी आणि न झेपणारी अट तेव्हाच बदलून मागावी.