हरिणीच्या डोळ्यांतली पानं

जनावरं पत्ते कुटत बसायची, त्या काळची ही गोष्ट. पळसाच्या पानांवर प्राण्यांची चित्रं काढलेली असायची. दोघांनी एकेक पान टाकायचं. मोठ्या प्राण्याचं पान जिंकायचं, मात्र हत्तीला उंदीर मारायचा.

उन्हाळ्यात झऱ्याकाठची सावली कुणाची, यावर एकदा रानबोका आणि पाडसवाली हरिणी खेळायला बसले. बोक्याच्या लवकरच लक्षात आलं, की हरिणीच्या टपोऱ्या डोळ्यांत तिची सगळी पानं लख्ख दिसतात. मग काय, तिनं हत्ती उचलला की याचा उंदीर तयार! एकही डाव त्यानं सोडला नाही.

पाडसाला उठवत हरिणी म्हणाली, "सावली तुमची, बोकोबा. हरले, पण बरं वाटलं. बाकीचे खेळताना आपल्याच पानांत डोकं खुपसून बसतात. तुम्ही मात्र सारखे माझ्या डोळ्यांत बघत होता, अगदी घरच्यासारखे."

बोक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सावली तुम्हीच ठेवा, हरणाबाई," असं कसंबसं पुटपुटून तो भर उन्हात चालू लागला.

"अहो, असं काय? जिंकलात ना तुम्ही!" हरिणीनं मागून हाक मारली.

पण वळून तिच्या डोळ्यांत बघायची त्याची छाती झाली नाही.