अजगराच्या नाण्यावरचा तिसरा ठसा

एका राज्यात सोमकेतू नावाचा राजा होता आणि त्याला जुन्या नाण्यांचं वेड होतं. वेड म्हणजे किती? प्रधान राज्यकारभाराचं बोलायला येई आणि महाराज नाणं डोळ्यांशी धरून नुसते 'हं, हं' करत. त्याची एकुलती एक लेक चारुलेखा तेवढी त्याला भानावर आणी.

एकदा चीन देशाहून गलबताने रुप्याची तीन नाणी आली. पृथ्वीवर तशी तीनच. प्रत्येकावर एक मिशाळ अजगर वेटोळं घालून बसलेला, आणि त्याच्या भोवती बारीक बारीक ठसे. त्या देशीची रीत अशी, की सराफाने नाणं पारखलं आणि खरं निघालं, तर त्यावर आपला ठसा उठवायचा. ठसा म्हणजे त्याची हमी. शंभर वर्षांच्या हमीने ती नाणी काळीभोर झाली होती. त्यांच्यासोबत एक बोलकी साळुंकी आली होती. ती आल्या आल्या म्हणाली, "महाराज, यांना घासू नका."

पण राजाच तो, ऐकतो कशाला? दरबारात नाणी मिरवायची होती ना! उपरणं खोचून बसला आणि चिंच-राखेने तिन्ही नाणी लख्ख घासली. काळेपणा गेला, ठसेही गेले.

तेव्हा नाण्यांतून तिन्ही अजगर बाहेर आले. थोरला बोलला, "राजा, आमच्या ओळखी तू पुसल्यास. तुझ्या डोळ्यांतल्या ओळखी आम्ही पुसल्या." मग ते खिडकीतून निघून गेले.

तेवढ्यात चारुलेखा आत आली. राजाने तिला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "आपण कोण?"

बापाने लेकीला 'आपण कोण' विचारावं! पोरीच्या पायांखालची जमीनच सरकली. नाव सांगावं, तर राजा मान डोलावी आणि घटकाभराने पुन्हा तेच विचारी. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी ती साळुंकीपुढे बसून ढसाढसा रडली.

साळुंकी म्हणाली, "तिन्ही नाण्यांवर एकेक ठसा पुन्हा उठू दे. पहिला डोंगरावरच्या आंधळ्या सराफाचा. दुसरा नदीतल्या शंखिणीचा. तिसरा, ज्याने पुसले त्याचा. पण त्याच्याकडे नातं सांगून मागू नकोस. तो नाही म्हणाला, तर जन्मभर तुला ओळखणार नाही."

चारुलेखा नाणी घेऊन निघाली.

आंधळा सराफ मोठा जादूगार. म्हणाला, "नाणं मी कानाने पारखीन. आणणारीला कशाने पारखू? माझी बाग सुकली आहे. सात दिवस पाणी घाल."

विहीर खोल, दोर काथ्याचा. राजकन्येचे तळवे सोलून निघाले. सातव्या दिवशी बागेतली मोगरीची वेल म्हणाली, "पुरे हो बाई, पोट भरलं." सराफाने नाणं नखावर उडवलं, नाद ऐकला आणि ठसा उठवला.

"आजोबा, फार उपकार झाले," चारुलेखा म्हणाली.

"उपकार तुझे. वर्षभर माझी झाडं मुकी होती."

शंखिणी नदीच्या डोहात राहायची. तिने नाणं जिभेवर ठेवून पाहिलं. म्हणाली, "रुपं खरं आहे. पण मी नदीबाई, मला उताराकडेच जाता येतं. माहेर राहिलं वर, उगमाशी. मला होडीतून नेशील?"

तीन दिवस चारुलेखा प्रवाहाविरुद्ध वल्हवत राहिली. हातांवर फोड आले, ते फुटले. उगमाशी बोटाएवढी धार होती, तीच शंखिणीची आई. तिने शंखिणीला पोटाशी धरलं. मायलेकींची भेट पाहून चारुलेखाचा ऊर भरून आला. दुसरा ठसा उठला.

मग ती दरबारात उभी राहिली.

"काय काम, बाई?" राजाने विचारलं.

"महाराज, या नाण्याला हमी हवी आहे."

"यावर तर एकही ठसा नाही. आणि मी तुला ओळखतही नाही."

'आबा' हा शब्द ओठांवर आला होता. तिने तो गिळला. नाणं घेता घेता राजाचं लक्ष तिच्या तळहातांकडे गेलं. नाणं बाजूला राहिलं आणि तो हातच पाहत बसला.

"हे वळ कशाचे?"

"पाणी ओढलं. होडी वल्हवली."

"कुणासाठी?"

"आहे माझं एक माणूस."

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही, महाराज."

राजाने नाणं पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाला, "तो भाग्यवान कोण, मला माहीत नाही. तू कोण, तेही माहीत नाही. पण या हातांनी आणलेल्या नाण्याची हमी मी घेतो." त्याने मुद्रेची अंगठी काढली आणि ठसा उठवला.

खिडकीतून तिन्ही अजगर आत आले आणि मुकाट्याने आपापल्या नाण्यावर वेटोळं घालून बसले. राजाने मान वर केली. प्रधान ओळखू आला, दाराशी उभा भालदारही ओळखू आला. समोर उभी पोर ओळखू आली, तसा तो सिंहासनावरून खाली उतरला.

"चारू," तो म्हणाला, "त्या माणसाला आता ठाऊक झालं गं."

आणि भर दरबारात राजाने लेकीचे दोन्ही सोललेले हात आपल्या कपाळाला लावले. त्या दोघांचं जसं भलं झालं, तसं ऐकणाऱ्यांचंही होवो.